चन्नीच्या वतीनं

अक्का गेल्याचं कळलं तेव्हा मी डोळ्यांच्या दवाखान्यात होतो. औषध घालून बाकावर बसवलं होतं, समोरचं सगळं धुरकट झालं होतं, आणि खिशातला फोन वाजला. नाव वाचता येईना. कानाला लावला तर भाचा शरणू, अक्काच्या आजारपणासाठी पुण्याहून आलेला. "मामा, अव्वा गेली," एवढंच म्हणाला. कशी, केव्हा, हे विचारायच्या आधी माझ्या तोंडून गेलं, "चन्नी कुठं आहे?" तो म्हणाला, "तिच्या शेजारीच बसलीय. उठत न्हाय." तसाच रिक्षा करून गेलो. आमच्यात गेलेल्या माणसाला बसवून नेतात. कपाळभर विभूती लावून, हार घालून अक्काला खुर्चीत बसवलं होतं आणि तिची साठीला आलेली लेक, चन्नी, खाली बसून तिच्या इरकलीच्या निऱ्या एकसारख्या करत होती. माणसं येत होती, पाया पडत होती, निऱ्या विस्कटत होत्या, आणि ही पुन्हा पहिल्यापासून लावत होती...

चार दिवसांनी नातेवाईक भेटायला जमले. चहा फिरत होता. अक्काची नणंद, आता तीही थकली आहे, भिंतीला टेकून म्हणाली, "बाई लई चांगली. पण लेकीचं तिनंच वाटोळं केलं बघा. मास्तरांनी तवा त्या नव्या वर्गात जागा बघून दिलीवती. ही लाजली. माझी पोर येड्यांच्या वर्गात न्हाय बसायची म्हणाली." दोघी-तिघींनी माना हलवल्या. ही गोष्ट आमच्या घराण्यात पन्नास वर्षं अशीच सांगितली जाते. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "व्हय की न्हाय ओ, मास्तर?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "चहा गार झाला." त्या दिवशी मी दिलेलं उत्तर ते एवढंच. खरं उत्तर आज इथं देतो आहे. ते द्यायला अक्का जाईपर्यंत थांबलो.

अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव मंद्रूपच्या पुढं, भीमेच्या अंगाला. घरात कानडी, बाजारात मराठी. आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून मला अक्कानंच कडेवर वागवलं. ती गावच्या कानडी शाळेत चौथीपर्यंत गेली आणि मला सांभाळायला घरी बसली. ती बसली म्हणून मी शिकलो, हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, तिनं तर नाहीच. लग्न होऊन ती सोलापुरात आली. दाजींचं भुसाराचं दुकान होतं, खाली ज्वारी-तुरीची पोती आणि वर माडीवर दोन खोल्यांचं घर. मास्तरकीची परीक्षा पास होऊन मला शहरातल्या एका शाळेत नोकरी लागली, तेव्हा पहिली दोन वर्षं मी त्याच माडीवर राहिलो. गिरणीचा भोंगा झाला की अक्का माझा डबा भरायची आणि जिन्यात उभी राहून म्हणायची, "मास्तर, जेवा वेळेवर. पोरास्नी मारू नका." मास्तर म्हणताना ती हसायची, पण त्या हसण्यात तिला केवढा मान वाटत होता ते मला कळत होतं. पुढं जे झालं त्यात या मानाचाही हात आहे.

चन्नी ही तिची धाकटी. शरणूच्या पाठची. चालायला उशीर, बोलायला त्याहून उशीर. घरी कानडीत थोडे शब्द बोलायची, दुकानात खाली बसून मंगळवेढ्याची ज्वारी निवडायची आणि कुणी मोठ्यानं ओरडलं की फ्रॉकची कॉलर तोंडात घालून चघळत बसायची. आज अशा मुलांसाठी चांगले शब्द आहेत. तेव्हा शाळेत 'मंद' म्हणायचे आणि गल्लीत त्याहून वाईट. दाजींनी वैद्य केले, उपास केले, मग थकून म्हणायला लागले, "मोठी झाली की येईल वळणावर." घराजवळच्या शाळेत तिचं नाव घातलं होतं. तिथं ती पहिलीतच वर्षामागून वर्ष बसून होती, आणि तपासणीचे साहेब यायचे असले की मास्तर आदल्या दिवशी निरोप धाडायचे, उद्या हिला पाठवू नका. अक्का मला विचारायची, "असं का रे करत्यात?" मी म्हणायचो, "शाळेची पद्धत असते." ती होतीच. मीही तेच करत होतो. तपासणीच्या आधी दोन आठवडे आम्ही वर्गाकडून उत्तरं घोकून घ्यायचो, साहेब काय विचारतात ते ठरलेलं असायचं, हुशार पोरं पहिल्या रांगेत, आणि ज्यांना येत नाही ती घरी. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं गेली असतील. आमच्या शाळेत इनामदारबाई म्हणून एक शिक्षिका आल्या. अशा मुलांना कसं शिकवायचं याचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. चित्रकलेच्या वर्गामागं एक खोली होती, तिथं त्यांनी मोजक्या मुलांचा वर्ग सुरू करायचं ठरवलं. त्यांची रीत आम्हाला नवीनच होती. प्रत्येक मुलाच्या आईवडिलांना बोलवायचं, मुख्याध्यापक, संस्थेचे एक डॉक्टर आणि बाई समोर बसणार, आणि या मुलाला काय शिकवायचं, कसं शिकवायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. तोवर आम्ही पालकाला शाळेत बोलवायचो ते तक्रार सांगायला. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालंच, "आता आईबाप शिकवणार होय आम्हाला?" बाई शांतपणे म्हणाल्या, "मुलाबद्दल आपल्याला काय माहीत असतं हो? त्यांना चोवीस तास माहीत असतं."

मी ही बातमी घेऊन अक्काकडे गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि तयारीला लागली, ती तिच्या रीतीनं. चन्नी काय करते ते ती आता बाहेरच्या माणसासारखी बघायला लागली. भाकरी टाकता टाकता मागं वळून बघायची. दाजींना विचारायची, शेजारणींना विचारायची, "माझ्या माघारी कशी वागती ओ ही?" काही दिवसांनी मी गेलो तर तिनं एक पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली. आत जुन्या लुगड्यांची शिवायला घेतलेली कौदी, म्हणजे आमच्याकडची गोधडी, तिचा एक तुकडा होता. चन्नीनं घातलेले टाके. सुरुवातीचे वाकडेतिकडे आणि मग हळूहळू सरळ होत गेलेले. चन्नीनं निवडलेली थोडी ज्वारी फडक्यात बांधलेली. आणि तो कॉलर चघळून चघळून चिंध्या झालेला फ्रॉक.

"हे काय?" मी विचारलं.

"बाईंना दावायला. हे जमतंय तिला. हे असं मोठ्यानं बोललं की व्हतंय. दोनी दावते. मग त्या सांगतील की काय शिकवायचं ते." मग थोडं थांबून म्हणाली, "आन् मला एक इचारायचंय. तिला बाहेर जायची घाई झाली की ती कानडीत सांगती. तितं कुणाला कळंल का? ते आधी इचारते."

मी हसलो. आजही ते हसू मला ऐकू येतं. म्हणालो, "अक्का, हा काय मंद्रूपचा बाजार आहे व्हय, माल मांडून बसायला? तिथं डॉक्टर असतात. फाटका फ्रॉक काय दाखवतेस? तू काही करू नकोस. तयारी मी करून घेतो."

ती म्हणाली, "तू मास्तर हायस बाबा. तुला ठावं."

इथं मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी माझ्या पत्नीलाही कधी सांगितली नाही. त्या दिवसांत माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. अक्कलकोटचं घराणं, मुलगी शिकलेली, बघणं झालेलं, होकार यायचा होता. मुलीचा काका आमच्याच शाळेजवळ राहायचा. माझी सख्खी भाची माझ्याच शाळेत त्या मागच्या खोलीत बसायला लागली तर चार दिवसांत अक्कलकोटला कळणार, आणि पहिला प्रश्न येणार, घराण्यात आणखी कुणी आहे का असं? हे मी स्वतःशी इतक्या उघड शब्दांत म्हटलं नव्हतं. मी स्वतःला म्हणत होतो, पोरीवर एकदा शिक्का बसला की पुसत नाही, तिला साध्या वर्गात बसू दे, सुधारेल. पण मनात खाली काय होतं ते मला ठाऊक होतं. लाजलो होतो तो मी. अक्का नव्हे.

बाई मुलांना काय विचारणार हे मला माहीत होतं, कारण शिक्षकांच्या खोलीत त्यांनी ते मोकळेपणानं सांगितलं होतं. नाव, गाव, आठवड्याचे वार, विसापर्यंत आकडे, रंग, मग नाक-कान-डोळे. हे परीक्षेसाठी नव्हतं, मूल कुठं अडतं ते समजून घ्यायला होतं. मी ते तपासणीच्या प्रश्नांसारखं उचललं आणि शाळा सुटली की रोज माडीवर जाऊन चन्नीला समोर बसवायला लागलो. उत्तर आलं की लिमलेटची गोळी. सुरुवातीला ती नुसती माझ्या खिशाकडं बघायची. मग माझ्या लक्षात आलं, मी तिच्या पाठीवर हात ठेवून जरासं दाबलं की तिला पुढचं सुचतं. नाव. दाबलं की गाव. दाबलं की सोमवार, मंगळवार... प्रश्न काय आहे याच्याशी तिचा संबंध नव्हता, पाठीवरच्या हाताशी होता. पण त्या क्रमानं ती घडाघडा म्हणायला लागली आणि मला वाटलं, जिंकलो. अक्का चुलीपाशी बसून बघायची. एकदा म्हणाली, "आरं, पण तिला कळतंय का त्यातलं?" मी म्हणालो, "कळायचं नंतर बघू. आधी म्हणता तर येऊ दे." ती म्हणाली, "शेजारच्या पिंजऱ्यातला पोपट बी म्हनतो की." मी चिडलो. आणि त्याच दिवशी तिला बजावलं, "तिथं तू काही बोलू नकोस. तू कानडी मिसळून बोलतेस, ऐकणाऱ्याला वाटेल आईच अशी आहे तर पोरगी कशी असेल. विचारलं तर मी बोलेन."

मला कडेवर घेऊन वाढवलेल्या बाईला मी हे बोललो.

बैठकीच्या दिवशी मंद्रूपचा बाजार होता, दाजी खरेदीला गेले होते. अक्का नवी इरकल नेसून, चन्नीच्या दोन वेण्या घालून आली. हातात ती पिशवी होतीच. मी फाटकातच ती तिच्या हातून घेतली आणि शिपायाकडं ठेवायला दिली. तिनं रिकाम्या हातानं चन्नीचा हात धरला. मुख्याध्यापकांच्या खोलीत डॉक्टर घड्याळाकडं बघत बसले होते. मी चन्नीच्या मागं उभा राहिलो, मामा म्हणून. पाठीवर हात ठेवला.

सगळं जमून आलं. नाव, गाव, वार, आकडे, रंग. मुख्याध्यापक तर खूशच झाले. "अहो, हिला काय झालंय? आमच्या चौथीतल्या पोरांना वार येत नाहीत!" डॉक्टरही हसले. इनामदारबाई मात्र चन्नीच्या तोंडाकडं बघत होत्या. त्या खुर्ची पुढं ओढून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "चन्नम्मा, तुला घरी काय करायला आवडतं ग?"

हा प्रश्न आमच्या क्रमात नव्हता. चन्नी गप्प. माझा हात नकळत दाबला गेला असावा. ती म्हणाली, "नाक, कान, डोळे."

"घाबरली पोरगी," मुख्याध्यापक हसून म्हणाले.

बाई हसल्या नाहीत. अक्काकडं वळल्या. "आई, तुम्ही सांगा ना. घरी कशी असते ही? काय जमतं, काय जमत नाही?"

अक्कानं तोंड उघडलं. मला अजून दिसतं ते. शब्द ओठांपर्यंत आला होता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. परवानगी मागावी तसं. आणि मी म्हणालो, "घरी सगळं व्यवस्थित करते, बाई. जरा बुजरी आहे, एवढंच."

"मग हिच्यासाठी जागा कशाला अडवायची?" मुख्याध्यापक म्हणाले. "दुसऱ्या कुणा गरजूला देऊ. हिला आपल्या शाळेत तिसरीत बसवू." बाई म्हणाल्या, "मला आईंशी अजून थोडं बोलायचंय." पण डॉक्टर उठले होते, आणि पुढचे आईबाप दाराशी येऊन उभे होते. ठरलं.

फाटकापाशी अक्कानं शिपायाकडून पिशवी घेतली. चन्नी गोळी चोखत पुढं चालली होती. अक्का म्हणाली, "पास झाली न्हवं?" मी म्हणालो, "झाली की." "मग आता कुटं बसायचं तिनं?" "तिसरीत." ती थोडा वेळ चालत राहिली आणि म्हणाली, "तितं तुझा हात असंल का पाठीवर?" मी म्हणालो, "होईल सवय."

झाली नाही. पहिल्या महिन्यातच ती शेवटच्या बाकावर गेली. कॉलर पुन्हा तोंडात गेली. तिला बाहेर जायची घाई झाली की ती कानडीत सांगायची, वर्गात कुणाला कळायचं नाही, आणि मग जे व्हायचं त्यावर पोरं नाक दाबून हसायची. अक्का तिला न्यायला यायची तेव्हा ओला फ्रॉक पदराआड करून न्यायची. मी दुसऱ्या मजल्यावर शिकवत होतो. खिडकीतून दिसायचं. खाली उतरलो नाही. माझ्या लग्नाचा होकार आला होता.

मग तपासणी आली. तिसरीचे मास्तर मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुमच्याच भाचीचं आहे, तुम्हीच सांगा घरी. उद्या नको पाठवायला." मी संध्याकाळी माडीवर गेलो. अक्का कौदी शिवत बसली होती, चन्नी तिला सुईत दोरा ओवून देत होती. मी इकडचं तिकडचं बोललो. शेवटी म्हणालो, "अक्का, उद्या चन्नीला राहू दे घरी."

तिनं वर बघितलंच नाही. "तपासणी हाय व्हय?"

"हं."

"बरं," ती म्हणाली. टाका घालून झाल्यावर दोरा दातानं तोडला. "आता रोजच तपासणी हाय समज."

दुसऱ्या दिवसापासून चन्नी शाळेत गेली नाही. त्यानंतर कधीच नाही.

दाजींनी मला दुकानात बोलावून घेतलं. पोत्यावर बसवलं. "मास्तर, खरं सांगा. तवा त्या वर्गात का न्हाय घेतलं हिला?" मी काय म्हणालो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. "दाजी, अक्कानं तिथं तोंडच उघडलं नाही." या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. दाजींनी त्याचा अर्थ जो व्हायचा तोच घेतला. हिला लाज वाटली. त्यांनी तो अर्थ बहिणीला सांगितला, बहिणीनं आणखी चौघींना, आणि 'येड्यांच्या वर्गात न्हाय बसायची' हे वाक्य कुणीतरी मागाहून अक्काच्या तोंडी घातलं. रागाच्या भरात दाजी मरेपर्यंत तिला ऐकवत राहिले. "तुझ्या लाजेपायी झालं." मी पाहुणा म्हणून जेवायला बसलेला असायचो आणि अक्का मला वाढत असायची. तिनं एकदाही माझ्याकडं बोट दाखवलं नाही. सुरुवातीला मला वाटायचं, माझं लग्न ठरलंय म्हणून. नंतर वाटायचं, माझा संसार आहे म्हणून. त्याही नंतर मी कारण शोधायचं सोडलं आणि तिच्या गप्प राहण्याची सवय करून घेतली.

त्या खोलीत बसली असती तर चन्नीचं काय झालं असतं, मला माहीत नाही. बाई काही वर्षांनी बदलून गेल्या, वर्ग बंद पडला. पण तेवढ्या वर्षांत त्या खोलीतली मुलं आपापली बस ओळखून घरी जायला शिकली, हे मी बघितलं. ती जागा ज्या मुलाला मिळाली तो पुढं एका बेकरीत कामाला होता. तो मला रस्त्यात दिसला की मी बाजू बदलायचो.

अक्कानं मात्र त्या दिवसापासून एक गोष्ट धरली. चन्नीला कुणी काही विचारलं की ती मधे बोलायची नाही. पाहुण्यांनी विचारलं, "चहा घेणार का ग चन्नी?" की ती गप्प बसायची. बाकीचे लगेच "घेती की, घेती की" करायचे, तर त्यांना हातानं थांबवायची. चन्नीला वेळ लागायचा. कधी चहा गार व्हायचा. पण उत्तर यायचं, आणि ते तिचं असायचं. माझी पत्नी एकदा वैतागून मला म्हणाली, "तुमच्या अक्काच्या घरी जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला." मी म्हणालो, "हो ना." का, ते सांगितलं नाही.

पुढं शहरात अशा मुलांसाठी शाळा निघाल्या, पालकांना बोलावून बसायची रीतही पडली. अक्काच्या गल्लीत विणकाम करणाऱ्या तेलुगू घरातली लक्ष्मी म्हणून एक तरुण बाई होती, तिचा मुलगा तसाच. तिला शाळेतून बोलावणं आलं तेव्हा ती घाबरून अक्काकडे आली. मी तिथंच बसलो होतो. "काय बोलू तिथं, अक्का? माझं मराठी असलं. त्याला काय शिकवून नेऊ?"

"काय बी शिकवून नेऊ नकोस," अक्का म्हणाली. "जसा हाय तसा ने. आठ दिस नुसतं बघ त्याच्याकडं, काय करतोय, कशाला भितोय. जमत न्हाय ते आधी सांग, लाजू नकोस. जमतंय ते मग सांग. त्यानं केलेलं काय असंल तर पिशवीत घालून ने. तुला काय इचारायचं ते घरातनंच ठरवून जा, न्हायतर तितं इसरतंय माणूस. त्यांनी मराठीत सांगितलेलं न्हाय कळलं तर म्हन, परत सांगा. तेलगूत बोल, कुणीतरी मराठीत सांगंल. आन् एक." ती हसायला लागली. "लई शाना माणूस संगं नेऊ नकोस. तो तुला बोलू देत न्हाय."

लक्ष्मीही हसली. तिनं विचारलं, "तुमाला कसं ठावं एवढं?"

"माझा भाऊ मास्तर हाय की," अक्का म्हणाली.

मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

तिची माझी शेवटची भेट ती जायच्या काही आठवडे आधीची. पाय सुजलेले, आवाज खोल गेलेला. चन्नी तिचे पाय चेपत होती. मी किती वर्षं मनात जुळवत आलेलं बोलायला लागलो. "अक्का, त्या दिवशी शाळेत..." एवढंच झालं. तिनं हात वर केला. पाहुण्यांना थांबवायची तसाच.

"ऱ्हाऊ दे. तोंड तर माझंच व्हतं की. तू काय हात ठेवलावता व्हय माझ्या तोंडावर?"

मी म्हणालो, "दाजींना मी सांगितलं की..."

"ठावं हाय काय सांगितलंस. ते खोटं न्हवतं." मग पांघरूण ओढून घेत म्हणाली, "अर्धं व्हतं."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही माफी मागितली नाही, मागायची हिंमत होईपर्यंत तिला डोळा लागला होता. तिनं स्वतःला दोष दिला हे मला त्या 'अर्धं' या शब्दापेक्षा जड गेलं. पन्नास वर्षं तिनं तेच एक ओझं वाहिलं होतं, की आपण बोलायला हवं होतं. आणि ज्यानं तिला बोलू दिलं नाही तो तिच्या उशाशी बसून तिचं पाणी संपलं की भांडं भरत होता.

हे सगळं मी माडीवरच्या अक्काच्या खोलीत बसून लिहितो आहे. शरणूला आधी वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "छापा." या खोलीत मी राहायला कसा आलो तेवढं सांगून थांबतो. दिवसकार्य झालं आणि खाली दुकानात सगळे जमले. चन्नीचं काय करायचं? शरणू पुण्याला असतो, तो न्यायला तयार होता. त्याच्या बायकोनं एका आश्रमाची चौकशी करून ठेवली होती, तिथं सोय चांगली आहे म्हणाली. नणंदबाई म्हणाल्या, "तिला काय कळतंय? नेतील तितं ऱ्हाईल." मग सवयीनं सगळे माझ्याकडं वळले. शरणू म्हणाला, "मामा, तुम्हीच काय ते सांगा. चन्नीच्या वतीनं तुम्ही बोला." उत्तर माझ्याकडे तयार होतं. पुणे. सगळ्यांच्या सोयीचं, चारचौघांत शोभणारं. तोंडही उघडलं होतं. मग म्हणालो, "वर जाऊन येतो," आणि गुडघ्यांवर हात दाबत जिना चढलो.

खोलीत अक्काची गादी गुंडाळून ठेवलेली, खिडकीशी तिचा बसायचा पाट. चन्नी जमिनीवर बसून ताटात ज्वारी पसरून निवडत होती. ज्वारी कुणी मागितली नव्हती. मी तिच्या समोर बसलो. पाठीमागं नाही, समोर. हात स्वतःच्या मांडीवर ठेवले. कानडीत विचारलं, "चन्नी, आता तुला कुठं राहायचंय?"

ती निवडत राहिली. खालून बोलण्याचा आवाज येत होता. पुणं चांगलं आहे, असं म्हणायला जीभ वळवळत होती. शरणू आहे तिथं, बाग आहे... मी दात आवळून गप्प बसलो. तिनं ताटातले खडे वेगळे काढले, ज्वारी एका बाजूला ओढली, हात झटकले. उन्हाची तिरीप पाटावरून भिंतीवर गेली. मग तिनं जमिनीवर तळवा टेकवला आणि म्हणाली, "इल्ले." इथंच.

मला वाटलं संपलं, म्हणून उठायला लागलो. तिनं माझ्याकडं पाहिलं. "मामा," ती म्हणाली, "नीनू?" आणि तू?

असं तिनं मला आयुष्यात कधी विचारलं नव्हतं. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, रिकामं, पत्नी जाऊन झाली काही वर्षं. मी परत खाली बसलो. ती तशीच बघत राहिली, घाई न करता, पुढचा शब्द तोंडात न घालता.

खालून शरणूची हाक आली, "मामा, काय म्हणते ती?"

"थांब रे," मी म्हणालो. "आमचं बोलणं चाललंय अजून."